लोड वाढवला की रन अडकतो? आर्क-लेंग्थ पद्धत दोन दांड्यांवर शिकूया

पावसाळ्यात वाऱ्याचा झोत आला की छत्री फटकन उलटी होते ना, ते आधी डोळ्यासमोर आणा. वारा हळूहळू वाढत असतो, छत्री थोडी थोडी वाकत असते, आणि मग एका क्षणी वारा किंचितच वाढतो पण छत्री पार उलटी होऊन दुसऱ्याच आकारात जाऊन बसते. केसांची टिकटॉक पिन पण तशीच, दाबत जा दाबत जा आणि टिक्. याला स्नॅप-थ्रू म्हणतात. कमी उंचीच्या कमानी, घुमटाकार छपरं, पातळ पत्र्याचे शेल, सगळ्यांचा हा स्वभाव.

आता हीच गोष्ट कॉम्प्युटरवर करायला गेलं की काय होतं ते नॉनलिनिअर अॅनालिसिस नवीन शिकणाऱ्या प्रत्येकाने बघितलंय. लोड दहा पावलांत लावला, सहा पावलं छान गेली, सातव्याला कन्व्हर्ज होत नाही, म्हणजे उत्तर स्थिरावतच नाही. मग आपण पाऊल अर्धं करतो, परत अर्धं, परत अर्धं, टॉलरन्स सैल करतो, मेश बदलतो... मी स्वतः एका पातळ घुमटाच्या मॉडेलवर अख्खा आठवडा असा घालवलाय, आणि तेव्हा कुणी हे पुढचं नीट बसवून सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं, म्हणून लिहितोय. लोड-डिस्प्लेसमेंटचा वक्र जिथे शिखरावर जाऊन खाली वळतो तिथे "अजून लोड दे" या प्रश्नाला आसपास कुठे उत्तरच नसतं. सॉल्व्हर बिघडलेला नाही, आपण त्याला चुकीचा प्रश्न विचारतोय. लोड आपण ठरवायचा नाही, डिस्प्लेसमेंटसारखाच तोही शोधायचा, आणि आपण फक्त वाटेवर किती अंतर चालायचं तेवढं ठरवायचं. कंटिन्युएशन म्हणजे एवढंच. बाकी सगळी ते नीट करण्याची कारागिरी.

सॉफ्टवेअर लगेच उघडू नका. कागद, पेन्सिल आणि कॅल्क्युलेटर घ्या.

पहिली पायरी: दोन दांड्यांची कैची

दोन सारख्या दांड्या, खाली दोन्ही टोकं पिनने जमिनीला धरलेली, वर दोन्ही एकत्र येतात, शिखराची उंची एच, आणि शिखरावर सरळ खाली लोड. पुस्तकांत याला व्हॉन मिझेस ट्रस म्हणतात. शिखर खाली किती गेलं ते उंचीने भागा, त्याला यू म्हणूया. म्हणजे यू शून्य असताना मूळ आकार, यू एक झाला की दोन्ही दांड्या सपाट एका रेषेत, आणि यू दोन म्हणजे कैची पूर्ण उलटी. दांडी किती ताणली किंवा दबली ते ग्रीन स्ट्रेनने मोजलं (म्हणजे लांबीच्या वर्गातला फरक, मूळ लांबीच्या वर्गाच्या दुपटीने भागून) तर एनर्जीचं डेरिव्हेटिव्ह घेऊन अतिशय देखणं समीकरण मिळतं:

लॅम्डा = यू × (यू − १) × (यू − २)

इथे लॅम्डा म्हणजे लोडला दांडीच्या मूळ लांबीच्या घनाने गुणून, मग ईए (मटेरियलचा यंग्ज मॉड्युलस गुणिले दांडीचं छेदक्षेत्र) आणि उंचीचा घन यांनी भागलेलं, म्हणजे एकक नसलेला लोड. हे समीकरण स्वतः काढून बघा, दहा मिनिटांचं काम आहे आणि हाताने काढल्याशिवाय पुढचं अंगात भिनत नाही.

स्टिफनेस म्हणजे याचाच उतार: ३ गुणिले यूचा वर्ग, उणे ६ यू, अधिक २. तो शून्य कुठे होतो? यू ०.४२२६ ला आणि १.५७७४ ला. हे दोन लिमिट पॉइंट. पहिल्यावर लोड ०.३८४९, दुसऱ्यावर उणे ०.३८४९. खऱ्या कैचीवर वजनं ठेवत गेलात तर ०.४२२६ ला पोचल्यावर ती थांबणार नाही, उडी मारून थेट यू २.१५४७ ला जाईल, कारण तेवढाच लोड पेलणारी पुढची जागा तीच आहे. मधली सगळी वाट आपल्याला दिसत नाही. पण ती असते, आणि आपल्याला तीच काढायची आहे.

आता कुणी विचारेल की मधली वाट खऱ्यात येतच नाही तर काढायची कशाला. याची कारणं दोन. एक तर स्ट्रक्चर पुढे कुठे जाऊन टेकणार ते त्या वाटेच्या पलीकडेच कळतं. दुसरं, आणि मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं, वक्राच्या शिखराच्या अलीकडे असताना लहानसा धक्का बसला तर उडी मारायला किती एनर्जी पुरेल हे त्या अस्थिर फांदीवरूनच मोजता येतं, आणि डिझाइन करणाऱ्या माणसाला नेमकं तेच हवं असतं.

दुसरी पायरी: बिघडतं कसं ते एकदा स्वतः बघा

समजा तुम्ही यू ०.३५ ला आहात, लोड ०.३७५४. पुढचं पाऊल म्हणून लोड ०.४० दिला. वक्राचं शिखर ०.३८४९ आहे, म्हणजे आपण शिखराच्या वर जरासं मागितलं. न्यूटन-रॅफसन सुरू करा, म्हणजे दर वेळी लोडमधला उरलेला फरक स्टिफनेसने भागायचा आणि यू तेवढा सरकवायचा. स्टिफनेस ०.२६७५, फरक ०.०२४६, म्हणून यू ०.४४२ ला जातो. तिथे स्टिफनेस उणे ०.०६६, म्हणजे जवळपास शून्य आणि वर चिन्ह उलटं, त्यामुळे यू मागे फेकला जातो थेट ०.२०४ ला. मग ०.३२४, मग ०.४१३, मग एकदम ०.८६३, मग ०.५८२. हा असाच इकडून तिकडे आपटत राहणार, कारण आसपास ०.४० लोडचं उत्तरच नाहीये, आहे ते थेट यू दोनच्या पलीकडे. सॉफ्टवेअरच्या लॉग फाइलमध्ये रेसिड्युअल (उरलेला फरक) कमी होतो, वाढतो, परत कमी होतो असं दिसतं ना, ते हेच असतं. अशा वेळी पाऊल अर्धं करून फायदा काय तर तुम्ही शिखराच्या थोडे अजून जवळ जाता. ओलांडता येत नाही.

तिसरी पायरी: डिस्प्लेसमेंट कंट्रोल, आणि तो कुठे संपतो

सोपा उपाय म्हणजे लोडऐवजी शिखराचं डिस्प्लेसमेंट द्यायचं आणि किती लोड लागला ते मोजायचं. आपल्या कैचीसाठी हे झकास चालतं, प्रत्येक यू साठी लॅम्डा एकच आहे. लॅबमध्ये टेस्टिंग मशीन पण बहुतेकदा असंच चालवतात. एकाच ठिकाणी लोड असेल आणि ती जागा कायम पुढेच जाणार असेल तर एवढ्यावर थांबा, उगाच भारी पद्धत वापरायची गरज नाही.

पण आता त्या कैचीच्या डोक्यावर एक स्प्रिंग ठेवा आणि लोड स्प्रिंगच्या वरच्या टोकाला द्या. स्प्रिंगचा स्टिफनेस आपल्याच एककात कप्पा म्हणा. लोडच्या जागेचं डिस्प्लेसमेंट होतं यू अधिक (लॅम्डा भागिले कप्पा). कैचीचा सगळ्यात उणे स्टिफनेस यू एकला येतो आणि तो बरोब्बर उणे १ आहे, त्यामुळे कप्पा एकपेक्षा कमी असला, म्हणजे स्प्रिंग मऊ असली, की वरच्या टोकाचं डिस्प्लेसमेंट मागे फिरतं. कप्पा ०.५ घेऊन करा: वरचं टोक १.२७२ पर्यंत पुढे जातं, मग ०.७२८ पर्यंत परत मागे येतं, मग पुन्हा पुढे. याला स्नॅप-बॅक म्हणतात. इथे डिस्प्लेसमेंट कंट्रोल पण तसाच अडकतो जसा आधी लोड कंट्रोल अडकला होता. आणि खरी स्ट्रक्चर्स अशीच असतात, एक भाग उडी मारतो आणि बाकीचं सगळं स्ट्रक्चर त्याच्यासाठी मऊ स्प्रिंगसारखं वागतं. म्हणून तर तिसरी वाट लागते.

चौथी पायरी: आर्क-लेंग्थ, एक पाऊल पूर्ण हाताने

१९७० च्या दशकात वेम्पनर आणि रिक्स यांनी स्ट्रक्चरल मेकॅनिक्समध्ये हे मांडलं (रिक्सचे दोन गाजलेले पेपर १९७२ आणि १९७९ चे), गणिताच्या बाजूने केलर १९७७ मध्ये तिथेच पोचले, आणि १९८१ मध्ये क्रिसफील्ड आणि राम यांनी ते फायनाइट एलिमेंटच्या मोठ्या कोडमध्ये बसेल असं करून दिलं. कल्पना सगळ्यांची एकच. अज्ञात दोन आहेत, यू आणि लॅम्डा. समीकरण एकच आहे, समतोलाचं. म्हणून दुसरं समीकरण आपण घालायचं: मागच्या बिंदूपासून वाटेवर अमुक इतकं अंतर.

डोंगरावरच्या पायवाटेने चालताना आपण दर पावलाला उंची किती वाढवायची ते ठरवत नाही, पाऊल टाकतो, आणि उंची वाढली की कमी झाली ते वाटच सांगते. अगदी तसंच.

आता पुन्हा त्याच जागी या. यू ०.३५, लॅम्डा ०.३७५४. पावलाची लांबी ०.२ घेऊ.

आधी प्रेडिक्टर. वाटेच्या स्पर्शरेषेची दिशा (१, ०.२६७५), तिची लांबी एक करून घेतली की (०.९६६०, ०.२५८४). तिला ०.२ ने गुणून पुढे जा: यू ०.५४३२, लॅम्डा ०.४२७१. आपण सरळ रेषेत गेलो आणि वाट खाली वळली, म्हणून आपण हवेत आहोत. खऱ्या वाटेचा लोड त्या यूला ०.३६१५ आहे, म्हणजे ०.०६५६ ची चूक.

मग करेक्टर. आता खाली वाटेवर उतरायचं, पण पुढेमागे न सरकता स्पर्शरेषेला काटकोनात उतरायचं. दोन समीकरणं झाली. पहिलं समतोलाचं: नवा स्टिफनेस (उणे ०.३७४०) गुणिले यूचा बदल, वजा लॅम्डाचा बदल, बरोबर ०.०६५६. दुसरं काटकोनाचं: ०.९६६० गुणिले यूचा बदल, अधिक ०.२५८४ गुणिले लॅम्डाचा बदल, बरोबर शून्य. दुसऱ्यातून लॅम्डाचा बदल म्हणजे यूच्या बदलाच्या उणे ३.७३८ पट. पहिल्यात घाला, ३.३६४ गुणिले यूचा बदल बरोबर ०.०६५६, म्हणून यूचा बदल ०.०१९५ आणि लॅम्डाचा उणे ०.०७२९. नवी जागा: यू ०.५६२७, लॅम्डा ०.३५४२. चूक आता फक्त ०.०००५. अजून एकदा केलं की यू ०.५६२९, लॅम्डा ०.३५३६ आणि विषय संपला.

थांबा आणि हे नीट बघा. जिथे न्यूटन-रॅफसन सहा वेळा आपटूनही कुठेच पोचला नव्हता तिथून दोन इटरेशनमध्ये (फेऱ्यांमध्ये) आपण शिखर ओलांडून पलीकडच्या उतारावर आलो. लोड स्वतःहून कमी झाला, आपण सांगितलं नाही. आणि ज्याने भागायचं तो आकडा ३.३६४, शून्याच्या जवळपासही नाही, कारण स्टिफनेस शून्य झाला तरी काटकोनाचं समीकरण मॅट्रिक्स सांभाळून घेतं. हे पहिल्यांदा कागदावर जमलं की मनापासून आनंद होतो, मी अजूनही नवीन मुलांना शिकवताना हे पाऊल प्रत्येकाकडून हाताने करून घेतो.

पाचवी पायरी: खूप अज्ञात असतील तेव्हा

खऱ्या मॉडेलमध्ये यू ही हजारो आकड्यांची यादी असते. मग स्टिफनेस मॅट्रिक्सला एक जादा ओळ आणि एक जादा रकाना लावून सोडवायचं की काय? तसं केलं तर मॅट्रिक्सची सिमेट्री आणि बँड (शून्य नसलेले आकडे कर्णाजवळच असणं) दोन्ही जातात. त्यावर युक्ती अशी की त्याच मॅट्रिक्सवर दोनदा सोडवायचं: एकदा संदर्भ-लोड (लॅम्डा एक असतानाचा लोड) उजवीकडे ठेवून, एकदा रेसिड्युअल उजवीकडे ठेवून. फॅक्टरायझेशन (मॅट्रिक्स फोडण्याचं मोठं काम) एकच, त्यामुळे खर्च जवळपास तेवढाच. मग एकूण बदल म्हणजे रेसिड्युअलवालं उत्तर अधिक लॅम्डाच्या बदलाच्या पटीत लोडवालं उत्तर, आणि लॅम्डाचा बदल किती ते अंतराच्या समीकरणातून.

अंतराचं समीकरण काटकोनाच्या सपाटीचं घेतलं तर साधं रेषीय मिळतं. गोलाचं घेतलं (क्रिसफील्डचं तसंच आहे) तर वर्गसमीकरण येतं, उत्तरं दोन येतात, आणि चुकीचं निवडलं तर तुम्ही आलात त्याच वाटेने परत मागे जाता. नवशिक्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. लक्षण ओळखायला सोपं आहे: लोडचा वक्र शिखराच्या जवळ जातो आणि मग त्याच रेषेवर तंतोतंत उलटा येतो, पार शून्यापर्यंत. तो निकाल नाहीये, गाडी रिव्हर्स गिअरमध्ये गेली आहे. उपाय म्हणजे दोन उत्तरांपैकी ज्याचा आत्तापर्यंतच्या वाढीशी डॉट प्रॉडक्ट जास्त, म्हणजे जे त्याच दिशेला जास्त जातं, ते घ्या. प्रेडिक्टरची दिशा ठरवताना पण हेच करा. स्टिफनेस मॅट्रिक्सच्या डिटरमिनंटचं चिन्ह बघून दिशा ठरवायची जुनी पद्धत आहे, ती लिमिट पॉइंटला चालते पण बायफर्केशन आलं की तिथेही चिन्ह बदलतं आणि मग पद्धत एकाच जागी पुढेमागे झुलत बसते, म्हणून मी मागच्या पावलाशी तुलना करणंच पसंत करतो.

अजून एक, एककांचं. यू मिलिमीटरमध्ये आणि लोड न्यूटनमध्ये असताना दोघांच्या वर्गांची बेरीज करण्यात अर्थ नाही. त्यामुळे बरेच जण लोडचा भाग सोडूनच देतात आणि फक्त डिस्प्लेसमेंटचं अंतर धरतात, त्याला सिलिंड्रिकल आर्क-लेंग्थ म्हणतात आणि व्यवहारात ते बहुतेक वेळा छान चालतं. एकच अज्ञात असेल तर हे थेट डिस्प्लेसमेंट कंट्रोलच होतं, त्यामुळे आपल्या कैचीवर टेस्ट करताना फसू नका, तिथे लोडचा भाग ठेवा.

पावलाची लांबी आपोआप बदलू द्या. ठरलेला नियम: नवी लांबी म्हणजे जुनी लांबी गुणिले (हवी असलेली इटरेशन भागिले झालेली इटरेशन) याचं वर्गमूळ. हवी असलेली चार-पाच ठेवा. वर्गसमीकरणाची उत्तरं काल्पनिक आली किंवा कन्व्हर्ज झालं नाही तर लांबी अर्धी करून मागच्या चांगल्या बिंदूपासून पुन्हा. आणि कमाल लांबीची मर्यादा जरूर घाला. नाहीतर सोप्या भागात पाऊल एवढं मोठं होतं की पुढचं वळणच ओलांडून वाटेच्या दुसऱ्याच भागावर जाऊन बसतं आणि तुम्हाला कळतही नाही, कारण कन्व्हर्ज तर झालेलं असतं.

सहावी पायरी: वाट फुटते तेव्हा

आत्तापर्यंत एकच वाट वर जाऊन खाली वळत होती. पण फूटपट्टी उभी धरून वरून दाबा. ती आधी नुसती दबते, आणि मग एका लोडला बाजूला वाकते, डावीकडे किंवा उजवीकडे. इथे वाट वळत नाही, तिला फाटे फुटतात. हे बायफर्केशन. ऑयलरने १७४४ मध्ये याचंच गणित मांडलं, दोन्ही टोकं पिन असतील तर वाकायचा, म्हणजे क्रिटिकल लोड पायचा वर्ग गुणिले ईआय भागिले लांबीचा वर्ग, हे तर सगळ्यांना पाठ आहे.

आर्क-लेंग्थला फाटा आपोआप दिसत नाही. अगदी सरळ, अगदी परफेक्ट कॉलम दिला तर ती निवांतपणे सरळ वाटेने पुढे जाते, क्रिटिकल लोडच्या दुप्पट-तिप्पट जाते, आणि कन्व्हर्जन्स एकदम सुंदर. या निकालावर विश्वास ठेवून कुणी डिझाइन केलं तर ते धोक्याचं आहे, म्हणून दर पावलाला स्टिफनेस मॅट्रिक्सच्या फॅक्टरायझेशनमध्ये किती पिव्हट (मॅट्रिक्स फोडल्यावर कर्णावर येणारे आकडे) उणे आहेत ते मोजाच. शून्य असतील तर समतोल स्थिर. एक झाला तर काहीतरी ओलांडलं. ओलांडताना लोडही वळला असेल तर तो लिमिट पॉइंट, लोड वाढतच राहिला असेल तर बहुतेक बायफर्केशन. कमर्शिअल सॉफ्टवेअर "सिस्टिम मॅट्रिक्सला निगेटिव्ह आयगेनव्हॅल्यू आहे" असा इशारा देतं तेव्हा मुलं घाबरतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, शिखराच्या पलीकडे तो यायलाच हवा. उलट शिखराच्या आधीच आला तर मात्र हातातलं काम थांबवून बघा.

आपल्याच कैचीवर याचा सराव करता येतो आणि तो जरूर करा. शिखराला बाजूला सरकायची मोकळीक द्या, म्हणजे अज्ञात दोन. बाजूचा स्टिफनेस काढलात तर (ग्रीन स्ट्रेनच धरून) असं निघतं की दांडी आडव्या रेषेशी ६० अंशांपेक्षा जास्त उभी असेल तर सरळ खाली स्नॅप व्हायच्या आधीच शिखर बाजूला कलंडतं. ६० पेक्षा कमी असेल तर आधी लिमिट पॉइंट येतो. म्हणजे तीच कैची, फक्त कोन बदलला, आणि निकामी व्हायची तऱ्हाच बदलली. तुमच्या कोडमध्ये हे ६० अंश बरोबर येतंय का बघा, याच्याइतकी चांगली चाचणी दुसरी मला माहीत नाही.

फाट्यावर वळायचं कसं? दोन मार्ग. एक ब्रँच स्विचिंग, म्हणजे फाट्याच्या ठिकाणी शून्य आयगेनव्हॅल्यूचा आयगेनव्हेक्टर (ज्या दिशेचा स्टिफनेस संपला ती दिशा) काढून त्या दिशेला पाऊल टाकायचं. ऑटो (AUTO) सारखी कंटिन्युएशनसाठीच लिहिलेली सॉफ्टवेअर हे करतात. दुसरा, इंजिनिअर लोक सर्रास वापरतात तो, इम्परफेक्शनचा, म्हणजे मूळ आकारात मुद्दाम लहानसा दोष घालण्याचा: आधी लिनिअर बकलिंग अॅनालिसिस करा, पहिल्या मोडचा (सगळ्यात कमी लोडला येणाऱ्या वाकण्याचा) आकार घ्या, त्याला लहान आकड्याने गुणून मूळ भूमितीत मिसळा, कॉलमसाठी लांबीचा हजारावा भाग हा नेहमीचा आकडा. मग फाटा उरतच नाही, वाट गोलसर वळून आपोआप योग्य बाजूला जाते.

पण एकाच इम्परफेक्शनवर समाधान मानू नका. डच संशोधक कोइटर यांनी १९४५ च्या आपल्या प्रबंधात दाखवून दिलं की काही स्ट्रक्चर्स इम्परफेक्शनला भयंकर संवेदनशील असतात, इतकी की भिंतीच्या जाडीच्या अंशाएवढा खड्डा असला तरी लोड बराच खाली येतो. अक्षीय दाबाखालचं पातळ सिलिंडर हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण, पुस्तकी लोड एक सांगतो आणि प्रयोगात ते निम्म्याहूनही खाली कोसळतं. नासाने तर यासाठी १९६५ मध्ये वेगळी मार्गदर्शिका काढली, एसपी-८००७, त्यात त्रिज्या आणि जाडीच्या गुणोत्तरावरून सैद्धांतिक लोड किती कापायचा ते दिलंय. म्हणून इम्परफेक्शनचे निदान तीन आकार घ्या आणि लोडचं शिखर कसं खाली सरकतं ते एकाच आलेखावर काढा. शेल असेल तर पहिला एकच मोड नको, जवळजवळच्या लोडचे चार-पाच मोड मिसळा, कारण शेलमध्ये ते एकमेकांना खेटून असतात.

सातवी पायरी: सॉफ्टवेअर

आता उघडा. अबॅकसमध्ये स्टॅटिक स्टेपमध्ये रिक्स निवडा. तिथे टाइम हा शब्द विसरा, तिथे असतो एलपीएफ, म्हणजे आपला लॅम्डा. रिक्सच्या आधीच्या स्टेपमध्ये दिलेला लोड (स्वतःचं वजन वगैरे) तसाच कायम राहतो आणि रिक्स स्टेपमध्ये दिलेलाच लॅम्डाच्या पटीत वाढतो, हे न कळल्यामुळे चुकीचे आकडे काढलेले मी बरेच पाहिलेत. कुठे थांबायचं तेही सांगा, एखाद्या नोडचं कमाल डिस्प्लेसमेंट किंवा कमाल एलपीएफ. नाहीतर वाट संपत नाही, रन चालूच राहतो. अॅन्सिसमध्येही आर्क-लेंग्थचा पर्याय आहे. फुकटात शिकायचं असेल तर ओपनसीसमध्ये आर्क-लेंग्थ इंटिग्रेटर आहे आणि पायथनमधून वापरता येतो. पण त्याच्याही आधी पायथनमध्ये तुमचा स्वतःचा कोड लिहा, कैचीपुरता पन्नास ओळीत बसतो.

आणि ही पद्धत कुठे वापरू नये तेही सांगतो. पातळ पत्र्यावर ठिकठिकाणी बारीक सुरकुत्या पडतायत, किंवा कॉन्टॅक्ट सतत उघडतोय-मिटतोय, अशा वेळी हजारो नोडच्या एकत्रित अंतरात ती एक लहानशी जागा हरवून जाते आणि पद्धत अडखळते. तिथे इम्प्लिसिट डायनॅमिक किंवा थोडं डँपिंग लावून केलेलं स्टॅटिक बरं पडतं, फक्त डँपिंगमध्ये किती एनर्जी गेली ते एकूण स्ट्रेन एनर्जीशी ताडून बघा. काँक्रीटला एकाच जागी भेग पडत असेल तर भेगेच्या तोंडाची रुंदी हाच कंट्रोल घ्या, ती कायम वाढतच असते. आणि उडी मारतानाचा धक्का, वेग, आवाज हवा असेल तर ते डायनॅमिक्सच, आर्क-लेंग्थ फक्त समतोलाच्या जागा सांगते.

आठवी पायरी: पडताळणी, आणि पुढचा प्रश्न

कैचीचा वक्र यू एकभोवती उलट-सिमेट्रिक आला पाहिजे, म्हणजे यू ०.७ ला जो लोड तोच उणे होऊन १.३ ला. शिखर ०.३८४९. पावलाची लांबी अर्धी केली तरी वाट तीच राहिली पाहिजे, बिंदू फक्त दाट व्हायला हवेत, वाट बदलली तर कुठेतरी उडी झाली आहे. स्प्रिंग लावलेल्या कैचीत १.२७२ आणि ०.७२८ ही दोन वळणं.

हे सगळं जमलं की पुढे सिलिंड्रिकल छपराचा जुना बेंचमार्क घ्या, शेल एलिमेंटवाले सगळे तो करतात. त्रिज्या २५४० मिमी, लांबी ५०८ मिमी, मध्यापासून दोन्ही बाजूंना ०.१ रेडियन, ई ३१०२.७५ न्यूटन प्रति चौरस मिमी, पॉइसन गुणोत्तर ०.३, सरळ कडा हिंजवर, वक्र कडा मोकळ्या, मध्यावर एकच लोड. सिमेट्रीमुळे पाव भाग पुरतो. आधी जाडी १२.७ मिमी घ्या, लोड साधारण २.२ किलोन्यूटनला शिखर गाठून खाली येतो आणि परत चढतो, हा साधा स्नॅप-थ्रू, डिस्प्लेसमेंट कंट्रोलनेही निघतो. मग बाकी काहीही न बदलता जाडी निम्मी, ६.३५ मिमी करा. शिखर साधारण ०.५९ किलोन्यूटनला येतं, आणि पुढे लोड शून्याखाली जाता जाता मध्यबिंदूचं डिस्प्लेसमेंटही मागे फिरतं. तिथे डिस्प्लेसमेंट कंट्रोल सरळ खाली उडी मारेल. तुमची आर्क-लेंग्थ ते वळण बिंदू-बिंदू करत घेते का ते बघा, आणि रिव्हर्स गेली तर पाचव्या पायरीतला डॉट प्रॉडक्ट तपासा, नव्वद टक्के वेळा चूक तिथेच सापडते.